टाका सर्वांचा, नमुन्याचे पान कुणाचे तरी

पांढऱ्या दोऱ्याचा एक गुंडा, वीतभरही लांब नसलेली पोलादी सुई आणि दिवसातला अर्धा तास, एवढ्या भांडवलावर चालणारा छंद आज दुर्मीळच म्हणावा लागेल. क्रोशाची लेस हा तसा छंद आहे. रुखवतात मांडलेले रुमाल, दारावरचे तोरण, उशीच्या अभ्र्याचा काठ, बाळाच्या झबल्याची किनार अशा अनेक रूपांनी ही लेस मराठी घरांत पिढ्यानपिढ्या वावरली आहे. मधल्या काळात यंत्रावरच्या स्वस्त लेसने तिला मागे सारले. आता मात्र निवृत्त झालेल्या स्त्रिया, घरून काम करणाऱ्या तरुणी आणि क्वचित पुरुषही पुन्हा सुई हाती घेताना दिसतात.

छंद परतला, तसा त्याच्याबरोबर एक प्रश्नही आला. पूर्वी नमुना एका घरातून दुसऱ्या घरात जायचा तो हातातून हातात. आता मोबाइलवर एक बोट टेकवले की पुस्तकातील चाळीस पाने मंडळातल्या दोनशे जणींकडे पोहोचतात. देणारीचा हेतू चांगला असतो, घेणारीलाही आनंद होतो. मात्र ज्या व्यक्तीने ती चाळीस पाने महिनोन्महिने खपून तयार केली, तिला या आनंदात कोणता वाटा मिळतो? याच्या उलट दुसरे टोकही आहे. कायद्याच्या ऐकीव भीतीपोटी काही जणी स्वतः विणलेला रुमालही इतरांना दाखवायला कचरतात. ही दोन्ही टोके टाळायची असतील, तर मुक्तहस्ते काय वाटावे आणि विचारून काय वाटावे, हे आपण नीट समजून घ्यायला हवे. आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात हा विषय का, याचे उत्तरही त्यातच दडलेले आहे.

हातांना काम, मनाला सोबत

लेस विणताना मन एका विशिष्ट लयीत येते. पाच साखळ्या, एक खांब, पुन्हा पाच साखळ्या. मोजणी चुकली तर जाळी तिरपी होते, म्हणून लक्ष कामावर ठेवावेच लागते. पण हा हिशेब इतका अवघडही नसतो की त्याचा ताण यावा. हात गुंतलेले असल्यामुळे मोबाइल आपोआप बाजूला राहतो. चुकले तर उसवून पुन्हा विणता येते आणि दोरा वाया जात नाही. चुकण्याची भीती नसलेली कामे आपल्या दिनक्रमात फारशी उरलेली नाहीत, हे लक्षात घेतले तर या छंदाचे मोल कळते.

याबाबत काही पाहण्याही झाल्या आहेत. 2013 साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी’ या नियतकालिकात सुयांवरचे विणकाम करणाऱ्या साडेतीन हजारांहून अधिक व्यक्तींची एक आंतरराष्ट्रीय पाहणी प्रसिद्ध झाली. जितक्या नियमितपणे विणकाम, तितकी शांतता आणि प्रसन्नता अधिक, असा संबंध त्या उत्तरांत आढळला. गटात बसून विणणाऱ्यांनी इतरांशी वाढलेल्या संवादाचाही उल्लेख केला. पुढे क्रोशाकाम करणाऱ्यांची अशीच पाहणी झाली. तीत 87 देशांतील 8,391 जणांनी भाग घेतला आणि सुमारे 90 टक्के व्यक्तींनी या कामाने मन शांत होत असल्याचे सांगितले. ही उत्तरे या कलेची आवड असलेल्यांनी स्वतःच दिलेली आहेत, तेव्हा त्यांना औषधोपचाराचा पुरावा समजू नये. नैराश्य किंवा चिंतेचा विकार असेल तर वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही. मात्र या छंदाचा अर्धा लाभ सुईत आणि अर्धा शेजारी बसलेल्या माणसांत असतो, एवढे त्यातून निश्चित जाणवते. म्हणूनच वाटणे हा या छंदाचा प्राण आहे. तो प्राण निरोगी राहावा, यासाठीच पुढील विवेचन.

टाका, कल्पना आणि पान

कुठल्याही नमुन्यात तीन थर असतात. पहिला थर टाक्यांचा. साखळी, मुका खांब, खांब, लांब खांब, पंखा, शिंपला ही या कलेची मुळाक्षरे आहेत. मुळाक्षरांवर कुणाची मालकी नसते. ती शिकवायला, दाखवायला, वहीत उतरवायला कुणाचीही परवानगी लागत नाही.

दुसरा थर कल्पनेचा. गोल रुमालाच्या मध्यभागी अननसाचा आकार गुंफावा, काठावर मोरांची रांग यावी, तोरणात कलश आणि आंब्याची पाने असावीत, या कल्पना आहेत. कल्पनेवरही मक्ता सांगता येत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली आर. जी. आनंद यांच्या नाटकासंबंधीच्या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले होते: कल्पना, विषय किंवा कथाबीज यांना संरक्षण नाही, ते ज्या रीतीने साकार झाले त्या मांडणीला आहे. तो वाद नाटक आणि चित्रपट यांच्यातला असला, तरी तत्त्व विणकामालाही लागू पडते.

तिसरा थर म्हणजे नमुन्याचे प्रत्यक्ष पान. कुणीतरी आखलेला आलेख, ओळीगणिक लिहिलेली कृती, काढलेली छायाचित्रे हे सारे त्या व्यक्तीचे निर्माण आहे. याच थरावर प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, असतो.

ठिपक्यांच्या रांगोळीशी ताडून पाहिले की हा भेद सहज उमगतो. ठिपके कुणाचेही नसतात. ठिपके जोडून कमळ काढावे ही कल्पनाही सर्वांची. पण एखाद्या कलावतीने स्वतः रचलेल्या शंभर रांगोळ्यांची पुस्तिका काढली, तर ती पुस्तिका जशीच्या तशी छापून वाटण्याचा अधिकार तिचा असतो.

कायद्याची चौकट

भारतात याबाबत 1957 चा प्रताधिकार अधिनियम लागू आहे. त्यातील पाच गोष्टी प्रत्येक छंदप्रेमी कुटुंबाला ठाऊक असाव्यात.

पहिली गोष्ट अशी की नमुना लिहिला किंवा आखला गेला की प्रताधिकार आपोआप निर्माण होतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. पानावर प्रताधिकाराचे चिन्ह नाही म्हणून ते पान मोकळे आहे, असे समजणे चूक ठरते. नमुना विनामूल्य मिळाला, याचाही अर्थ तो पुढे वाटण्याची मुभा मिळाली असा होत नाही. अशा वेळी नमुन्याची प्रत न पाठवता तो जिथे मिळतो ते ठिकाण मैत्रिणीला कळवावे. काम तेवढेच होते आणि श्रेय मूळ जागी राहते.

दुसरी गोष्ट दिलासा देणारी आहे. खाजगी वा वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या रास्त वापराला कायद्याच्या 52 व्या कलमात सवलत आहे. विकत घेतलेल्या पुस्तकातील बारीक आलेख चाळिशी लागलेल्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्या पानाची स्वतःपुरती मोठी प्रत काढून घेतली, तर बिचकण्याचे कारण नाही. दोनशे जणींच्या गटात ती प्रत फिरवणे मात्र वैयक्तिक उपयोग म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट भाषांतराची. परभाषेतील कृती मराठीत आणून ती गटात देणे ही सेवा वाटते आणि हेतूच्या दृष्टीने ती तशी असतेही. परंतु भाषांतर करून प्रसिद्ध करण्याचा हक्कसुद्धा मूळ लेखकाकडेच असतो. आधी विचारावे. अनेक निर्मात्यांना आपला नमुना नव्या भाषेत जातो याचा आनंदच होतो.

चौथी गोष्ट नावाची. नमुन्यावरील निर्मात्याचे नाव पुसणे, त्याजागी मंडळाचे नाव घालणे हा साधा शिष्टाचारभंग नाही. आपल्या कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा हक्क निर्मात्याने प्रताधिकार दुसऱ्याला विकला तरी त्याच्याकडेच राहतो. कायद्याचे 57 वे कलम तो जपते.

पाचवी गोष्ट विक्रीची. विकत घेतलेल्या नमुन्यावरून विणलेला रुमाल स्वतः वापरणे किंवा भेट देणे यात अडचण नसते. विकायचा असेल तर नमुन्यासोबतच्या अटी वाचाव्यात. कित्येक निर्माते हातविणीच्या मोजक्या वस्तू विकायला नावासह परवानगी देतात. व्यवसाय मोठा करायचा असेल, यंत्रावर उत्पादन काढायचे असेल, तर प्रताधिकाराबरोबर 2000 सालचा डिझाइन अधिनियमही विचारात घ्यावा लागतो आणि तिथे जाणकार वकिलाचा सल्ला घेणेच श्रेयस्कर.

आजीची वही, जुनी पुस्तके

प्रताधिकार कायमचा नसतो. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्याचा आणि कलाकृतींचा प्रताधिकार त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. 1964 साली निधन झालेल्या लेखिकेच्या अशा नमुन्यांचा प्रताधिकार 2024 च्या अखेरीस संपला आणि 1 जानेवारी 2025 पासून ते सर्वांसाठी खुले झाले. निनावी प्रसिद्ध झालेल्या नमुन्यांसाठी हीच 60 वर्षे प्रकाशनापासून मोजतात. इतर देशांत मुदती वेगळ्या आहेत, म्हणून परदेशी राहणाऱ्या मुलीला किंवा सुनेला काही पाठवताना तिथला नियमही पाहावा.

या हिशेबाने खुला झालेला खजिना मोठा आहे. तेरेझ द दिलमाँ या विदुषीने 1886 साली सुईकामाचा जो ज्ञानकोश सिद्ध केला, तो आजही क्रोशा, टॅटिंग आणि इतर लेस शिकणाऱ्यांचा आधार आहे. त्यांचे निधन 1890 मध्ये झाले, त्यामुळे मूळ ग्रंथ केव्हाच मुक्त आहे. सावधगिरी एवढीच की अशा ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत घातलेली प्रस्तावना, नवी छायाचित्रे किंवा नवे भाषांतर यांवर नवा प्रताधिकार असू शकतो.

नमुने वाटण्याची ओढ तर छपाईइतकीच जुनी आहे. सोळाव्या शतकात व्हेनिसमध्ये, आणि 1587 साली पॅरिसमध्ये फेदेरिको व्हिंचोलो यांनी, लेसच्या नमुन्यांची पुस्तके छापली. त्या काळी पानावरच्या रेघेरेघेवर टाचणीने भोके पाडून नमुना उतरवून घेत. त्या वापरात पाने झिजून जात, म्हणून ती पुस्तके आज फार थोडी शिल्लक आहेत.

आणि आजीची वही? तिच्यात सहसा तीन प्रकारची पाने असतात. परंपरेने आलेले, कर्ता ठाऊक नसलेले नमुने. आजीने स्वतः रचलेले नमुने. आणि एखाद्या मासिकातून उतरवून घेतलेले नमुने. पहिला प्रकार निःशंकपणे शिकवावा. दुसऱ्याचा हक्क वारसांकडे येतो, तेव्हा भावंडांच्या संमतीने तो वाटावा आणि सोबत आजीचे नाव आवर्जून लिहावे. तिसऱ्या प्रकारात मासिकाचे नाव व वर्ष शोधावे. मुदत संपली नसेल तर पान घरापुरते ठेवावे.

‘फावल्या वेळातले’ या शब्दाची किंमत

आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांकडून तिथल्या स्त्रिया क्रोशाची लेस शिकल्या आणि पुढे ती लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ विदुषीने 1982 साली या स्त्रियांवर ग्रंथ लिहिला. दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या या स्त्रियांकडे घरात बसून वेळ घालवणाऱ्या गृहिणी म्हणून पाहिले जाई. त्यामुळे त्यांची मजुरी नगण्य राहिली आणि नफा व्यापाऱ्यांकडे गेला, असे त्यांनी दाखवून दिले. नरसापूरच्या लेसला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे, परंतु ‘फावल्या वेळातले काम’ हा शब्द श्रमाचे मोल कसे नाहीसे करतो, हा धडा जुना झालेला नाही.

नमुना रचणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत आपण नकळत हेच करतो. एक नमुना सिद्ध करताना आधी कागदावर रेखाटन होते, मग प्रत्यक्ष विणून पाहणे, मोजणी जुळेना म्हणून उसवणे, पुन्हा विणणे. त्यानंतर प्रत्येक फेरीची कृती लिहिणे, दुसऱ्या कुणाकडून ती तपासून घेणे आणि छायाचित्रे काढणे. समजा, असा नमुना ती शंभर रुपयांना विकते. दहा जणींनी तो विकत घेतला आणि त्यांतील एकीने दोनशे जणींना फुकट पाठवला, तर तिच्या पुढच्या नमुन्याची उमेद तिथेच खुंटते. अशी निर्माती बहुधा मोठी कंपनी नसते. मुले शाळेत गेल्यावर काम करणारी, स्वतःच्या कमाईचा पहिला पैसा पाहणारी, आपल्यासारखीच कुणी गृहिणी असते. तिने रचणे थांबवले की नुकसान साऱ्या मंडळाचे होते.

मंडळात वाटावे कसे?

प्रताधिकार सांभाळूनही वाटण्यासारखे पुष्कळ उरते. किंबहुना पान पाठवण्यापेक्षा या वाटा अधिक समृद्ध आहेत.

हात शिकवा. आठवड्यातून एकदा चार जणी एकत्र बसा आणि एक टाका निवडा. सुई कशी धरायची, दोरा बोटावर किती ताणायचा, खांब सैल का पडतो, हे कागद सांगू शकत नाही; शेजारी बसलेली व्यक्तीच सांगते. ज्येष्ठ नागरिक संघात किंवा सोसायटीच्या सभागृहात असा वर्ग सहज भरतो आणि एकट्या पडलेल्या व्यक्तीला तिथे येण्याचे निमित्त मिळते.

मंडळाची नमुनापट्टी बनवा. प्रत्येकीने आपल्याला येणाऱ्या टाक्याचा तळहाताएवढा तुकडा विणावा, त्याला नावाची चिठ्ठी लावावी आणि सारे तुकडे एका कापडावर शिवावेत. पारंपरिक टाक्यांचा हा संग्रह पुढच्या पिढीला कुठल्याही छापील पुस्तकाइतका उपयोगी पडतो.

पुस्तक उसने द्या. विकत घेतलेले मूळ पुस्तक मैत्रिणीला वाचायला देण्यात काहीही गैर नाही. चार जणींनी वर्गणी काढून मंडळाचे छोटे ग्रंथालय करता येते.

परवानगी मागा. ‘आमच्या मंडळात तुमचा नमुना शिकवायचा आहे, तुमच्या अटी काय?’ असे दोन ओळींचे पत्र पुरते. होकार आला तर तो लेखी जपून ठेवा. नकार आला तर मन लहान करू नका. प्रत्येकीने आपापली प्रत विकत घेऊनही एकत्र विणता येते.

आणि स्वतःचा नमुना रचा. वाटते तितके ते कठीण नाही. चौकड्यांचा कागद घ्या आणि त्यावर घरे काळी करत एखादे पान, पणती किंवा घरातल्या बाळाच्या नावाचे आद्याक्षर काढा. मोकळे घर म्हणजे एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा खांब. भरीव घरात त्या दोन साखळ्यांच्या जागी दोन खांब येतात. म्हणजे एका भरीव घराला चार खांब, लागून दोन भरीव घरे असतील तर सात खांब, तीन असतील तर दहा. पायाच्या साखळ्या घरांच्या तिप्पट अधिक एक. ओळ वळवण्याच्या साखळ्या वेगळ्या. वीस घरांच्या नमुन्याला 61 साखळ्यांचा पाया झाला. एवढ्या गणितावर जाळीच्या क्रोशाकामाचे संपूर्ण दालन उघडते. हा आलेख तुमचा असतो. तो कुणाला द्यायचा, फुकट द्यायचा की मोल घेऊन, हे तुम्हीच ठरवायचे. दहा-बारा वर्षांच्या नातवंडांना या खेळात घेतले, तर गणित, चित्र आणि दुसऱ्याच्या श्रमाचा मान, तिन्ही गोष्टी एका बैठकीत शिकवून होतात.

डोळे, मान आणि मनगट

छंद आरोग्यासाठी घ्यायचा आणि त्यातूनच दुखणे ओढवून घ्यायचे, असे होऊ नये. लेसचा दोरा बारीक असल्याने उजेड भरपूर हवा आणि आपल्या हाताची सावली कामावर पडू नये. पांढरा दोरा विणताना मांडीवर गडद रंगाचे कापड पसरावे म्हणजे टाके स्पष्ट दिसतात. दर वीस मिनिटांनी नजर उचलून वीस फूट अंतरावरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. मांडीवर उशी ठेवून काम वर आणले की मान वाकवावी लागत नाही. खांदे सैल सोडावेत आणि कोपरांना आधार द्यावा. सुई आवळून धरण्याची सवय असेल तर जाड मुठीची सुई वापरावी. अर्ध्या तासानंतर उठून बोटे उघड-मीट करावीत, मनगटे सावकाश फिरवावीत.

अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाला मुंग्या येणे, रात्री हात बधिर होऊन जाग येणे, बोट वाकवल्यावर अडकणे ही लक्षणे अंगावर काढू नयेत. विणकाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असलेल्यांनी डोळ्यांची नियमित तपासणी चुकवू नये आणि दिसण्यात झालेला फरक केवळ बारीक कामाच्या माथी मारू नये.

आता मंडळाची पुढची बैठक भरेल तेव्हा एक छोटा ठराव करून पाहा. गटात आजवर फिरलेल्या नमुन्यांची यादी काढा. जे मुदत संपल्याने खुले आहेत ते एका बाजूला ठेवा, ज्यांच्या निर्मात्या ठाऊक आहेत त्यांना पत्र लिहा, आणि ज्यांचा ठावठिकाणा लागत नाही ती पाने पुढे पाठवणे थांबवा. उरलेल्या वेळात एकमेकींना एक नवा टाका शिकवा. तो टाका देताना कुणाचीही परवानगी लागत नाही आणि दिल्याने तो आपल्याकडचा कमीही होत नाही.